घडीचं टेबल

वारा इथं कुणाची ओळख विचारत नाही,
सरळ कागद उडवतो.
म्हणून नावांच्या यादीवर मी ठेवते
बाबांनी बागेतून पाठवलेलं एक सफरचंद,
डाग पडलेलं, पेटीतून बाजूला काढलेलं.

वाचनालयाच्या पायरीशी घडीचं टेबल.
एक पाय आखूड, म्हणून त्याच्याखाली
चार घड्या घातलेलं आमचंच पत्रक:
तुझ्यासाठी देवाची एक योजना आहे.
सध्या तरी ती योजना
टेबल डुगडुगू न देण्याची.

थर्मासमध्ये दालचिनी घातलेलं चॉकलेट,
खोक्यात शिंपल्याच्या नक्षीचे गोड पाव.
पुठ्ठ्यावर यारेत्सीनं लिहिलंय: बिएनवेनिदोस.
खाली इंग्रजीत: कुणीही या.
'कुणीही'वर दोनदा रंग फिरवलाय.

अब्दिएलनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं,
"मी पावासाठी आलोय. देवासाठी नाही."
मी म्हटलं, "गुलाबी घे, ते आधी संपतात."
तीन मंगळवार तो तसाच आला,
जाताना एक जास्तीचा पाव हुडीच्या खिशात,
आणि मी तेवढ्यात कप लावायला वळलेली.

मुख्य कार्यालयातून दर महिन्याला तक्ता येतो:
किती जणांशी बोललात,
किती जणांनी प्रार्थना केली,
त्यात नवे किती.
अब्दिएलला कुठल्या रकान्यात घालू?
समासात लिहिलं, पेन्सिलीनं.

चौथ्या मंगळवारी त्यानं पाव घेतला नाही.
आई यकिमाला, फळं निवडण्याच्या शेडमध्ये.
पट्ट्यात हात अडकला. आज ऑपरेशन.
"तुम्ही लोक ते करता ना," तो म्हणाला,
"ते कर."

मी डोळे मिटले आणि सुरू केलं इंग्रजीत,
शिबिरात शिकवलेलं, गुळगुळीत,
आधी स्तुती, मग कबुली, मग मागणं.
"थांब," तो म्हणाला,
"आईला यातलं काही कळणार नाही."

मग माझी स्पॅनिश.
ती शिडीवरची, उन्हाळी सुट्टीतली,
रागवायची, हिशेबाची, जेवायला हाका मारायची.
तिच्यात कृपा आणि आभार
जवळजवळ एकाच शब्दात राहतात,
एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो तसे.
मी अडखळले. क्रियापदं चुकली.
देवाला मी 'तू' म्हटलं.

त्यानं एक डोळा उघडला.
"आमच्या घरी वडिलांनासुद्धा 'तुम्ही' म्हणतात.
आणि याला 'तू'?"
मला उत्तर ठाऊक नव्हतं.
"घाईत माणूस 'तू'च म्हणतो," मी म्हटलं.
तो हसला नाही.
पण पुढचा 'तू' त्याचा होता,
पोहता न येणाऱ्यानं
कालव्यात पाय घालून बघावा, तसा.

दोन बोटं गेली. हात राहिला.
याला काय म्हणायचं?
तक्त्यात त्याचाही रकाना नाही.

नोव्हेंबरात मी तापानं पडले.
हॉस्टेलच्या खिडकीतून बघते तर
टेबल मांडलेलं,
आणि यादी तळव्यानं दाबून अब्दिएल बसलेला.
सफरचंद त्यानं खाऊन टाकलं असणार.
समोर एक उंच पोरगी, युक्रेनहून आलेली,
नाक लाल, रडून की वाऱ्यानं,
इतक्या लांबून सांगता येईना.
तो वाकून चॉकलेट ओतत होता.
ओठ हलले. ऐकू काहीच आलं नाही.

संध्याकाळी यारेत्सी सूप घेऊन आली.
काय म्हणाला गं तो तिला?
शिबिरातलं काही नाही, ती म्हणाली,
पत्रकसुद्धा दिलं नाही.
एवढंच विचारलं,
"तुझ्या आईला कोणती भाषा कळते?"

आणि पायाखालची ती घडी
कधीच उडून गेली होती.
तासभर त्यानं टेबलाला
आपला गुडघा लावून ठेवला होता.